सल्ला मागावा, तर उत्तरही द्यावे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय ऐकायला थोडा रुक्ष वाटेल. महापालिका आणि तिच्या सल्लागार समित्या, हा काही वर्धापनदिनाचा गोड विषय नव्हे. परंतु नळाला पाणी किती वाजता यावे, मुलांच्या शाळेसमोर गतिरोधक असावा की नसावा, बागेचे फाटक दुपारी उघडे राहावे की बंद, कोपऱ्यावरचे वडाचे झाड राहावे की जावे, ह्या गोष्टी ज्या टेबलावर ठरतात, त्या टेबलाशी आपल्यासारख्या सामान्य माणसांसाठी एकदोन खुर्च्या कायद्यानेच ठेवलेल्या आहेत. त्या खुर्च्या आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांपैकी पुष्कळजण काही दिवस बसून, कंटाळून उठून गेले आहेत. ते का उठले, आणि त्यांनी पुन्हा बसावे म्हणून पालिकेने व आपण काय करावे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम ह्या खुर्च्या कोठे आहेत ते पाहू. राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १९९२ साली झाली आणि १ जून १९९३ पासून अमलात आली. तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असे तिने ठरवून दिले. आपल्या राज्याच्या महानगरपालिका कायद्यात त्याप्रमाणे तरतूद झाली. ह्या प्रभाग समितीत त्या भागाचे नगरसेवक असतात, पालिकेचा अधिकारी असतो, आणि त्यांखेरीज स्वयंसेवी व वस्तीपातळीवरच्या संस्थांतले जास्तीत जास्त तीन सभासद नेमता येतात. पाणी, गटारे, सफाई यांच्या तक्रारींचा लवकर निकाल लावणे आणि आपल्या भागाच्या खर्चाच्या अंदाजावर शिफारस करणे, ही तिची कामे. म्हणजे पाहा, नागरिकाला त्या समितीत बसवले आहे ते पाहुणा म्हणून नव्हे.

१९७५ च्या झाडांच्या कायद्याने वृक्ष प्राधिकरण आले. झाड तोडण्यापूर्वी जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. २०१४ च्या पथविक्रेत्यांच्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती आली. तिच्यात निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावेत, आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्या कायद्यात स्पष्ट आहे. २००९ साली आपल्या राज्याने क्षेत्रसभेचीही तरतूद केली. थोडक्या मतदान केंद्रांचे सारे मतदार म्हणजे क्षेत्रसभा. खेड्यातल्या ग्रामसभेची शहरातली धाकटी बहीणच म्हणा ना. परंतु ही धाकटी बहीण बहुतेक ठिकाणी कागदावरच वाढली. तुमच्यापैकी किती जणींना क्षेत्रसभेचे बोलावणे आले, असे मी विचारले तर किती हात वर होतील, ह्याचा अंदाज मी न विचारताही करू शकते.

तात्पर्य, कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती वागण्यारीतीत. ती कशी, हे मी पाहिलेल्या एका उदाहरणाने सांगते.

एका शहराच्या नागरी सल्लागार समितीवर मी तीन वर्षे होते. शहराचे नाव सांगत नाही, कारण कोणाची उणीदुणी काढण्यासाठी मी उभी नाही, आणि जे तेथे घडले ते कोठेही घडू शकते. आम्ही सातजण होतो. एक निवृत्त इंजिनियर, एक डॉक्टर, दोन शिक्षक, एक व्यापारी, मंडईत भाजी विकणारी एक बाई आणि मी. कोणालाही मानधन नव्हते, आणि कोणी ते मागितलेही नाही. आमच्याकडे विषय आला तो मंडईतल्या बायकांच्या स्वच्छतागृहाचा.

भगिनींनो, हा विषय सभेत बोलायला संकोच वाटावा असे दिवस होते. आता ते गेले, हे चांगले झाले. मुंबईत २०११ सालापासून स्त्रियांनी ह्याच प्रश्नावर 'राइट टू पी' नावाची चळवळ चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईने मात्र पैसे मोजायचे, हा कुठला न्याय, असा तिचा साधा सवाल होता. सकाळी सहाला मंडईत बसलेली बाई दुपारपर्यंत पाणी पीत नाही. तहान नसते म्हणून नव्हे. पाणी प्यायल्यावर जायचे कोठे, म्हणून. त्यातून जडणाऱ्या दुखण्यांची नावे डॉक्टरबाई तुम्हाला माझ्याहून चांगली सांगतील.

तर आम्ही दोन महिने मंडईत हिंडलो, बायकांशी बोललो. त्यांचे म्हणणे अगदी नेमके होते. स्वच्छतागृह भाजीच्या ओळीच्या टोकाला, बसथांब्याजवळ, दिव्याच्या उजेडात असावे. आत पाणी असावे. कडी आतून नीट लागावी. आणि पैसे पडू नयेत. आम्ही एवढेच एका पानावर लिहून पाठवले. पुढे वर्षभर काही कळले नाही. मग एके दिवशी उद्घाटनाची छापील पत्रिका हाती आली, आणि स्वच्छतागृह बांधून झाल्याचे आम्हाला समजले. ते मंडईच्या मागल्या अंगाला, कचराकुंडीच्या पलीकडे बांधले होते. दिवा नव्हता. अंधार पडल्यावर तिकडे जायची कोणा बाईची छाती होत नसे.

जागा का बदलली? बसथांब्याजवळून जमिनीखाली मोठी जलवाहिनी गेली असेल, किंवा ती जागा दुसऱ्या खात्याची असेल. कारण असेलही, आणि रास्तही असेल. पण ते आम्हाला कोणी सांगितले नाही. सांगितले असते तर दुसरी जागा सुचवता आली असती, कारण मंडईतल्या बायकांच्या डोळ्यांसमोर तशी आणखी एक जागा होती. पालिकेचा पैसा खर्च झाला, इमारत उभी राहिली आणि बायकांची अडचण होती तेथेच राहिली. आमच्या समितीतली भाजीवाली बाई त्यानंतर बैठकीला आली नाही. मी तिला विचारायला गेले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "ताई, बैठकीला आलं की माझा अर्ध्या दिवसाचा धंदा बुडतो. बुडू द्या की. पण ऐकतंय कोण?"

ह्या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मर्म आले आहे. सल्ला मानला नाही, म्हणून तिचा राग नव्हता. सल्ल्याचे काय झाले हेच कळले नाही, ह्याचा तिला वीट आला होता. आणि अशी माणसे निघून गेली म्हणजे समिती रिकामी राहत नाही, हे लक्षात घ्या. ज्यांना ठेका हवा आहे, तिकीट हवे आहे किंवा पत्रिकेवर नाव हवे आहे, त्यांना वेळच वेळ असतो. ते टिकून राहतात. मग पुढचा अधिकारी म्हणतो, "ह्या समित्यांत सगळे हेतू ठेवूनच येतात." त्याचे म्हणणे खोटे नसते, परंतु भली माणसे गेली कशाने, हे तो विचारीत नाही.

येथे एक गोष्ट मी पालिकेच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. सल्लागार समितीने सांगावे आणि पालिकेने मुकाट्याने करावे, असे मी म्हणत नाही. नगरसेवकाला आपण मत देऊन पाठवतो; त्याचे चुकले तर पुढल्या खेपेस आपण त्याला घरी बसवू शकतो. समितीच्या सभासदाला कोणी निवडून दिलेले नसते. म्हणून शेवटचा शब्द निवडून आलेल्यांचाच असला पाहिजे. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षे निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात गाऱ्हाणे घेऊन कोणाच्या दारी जावे हे लोकांना उमजेना, तेव्हा नगरसेवकाची किंमत पुष्कळांना कळली. सल्लागार समिती ही त्याची जागा घेण्यासाठी नाही. त्याला जे दिसत नाही ते दाखवण्यासाठी ती आहे. निर्णय त्यांचा, परंतु निर्णयाचे कारण ऐकण्याचा हक्क आपला.

आणि हा हक्क मी पदरचा सांगत नाही. २००५ सालचा माहितीचा अधिकार कायदा आपण अर्ज करण्यापुरताच ओळखतो. त्याच्या चौथ्या कलमात काय आहे पाहा. कार्यालयाने सल्ल्यासाठी नेमलेली मंडळे व समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका जनतेला खुल्या आहेत की नाहीत, आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात की नाही, हे कोणी न मागता आपणहून प्रसिद्ध करावे, असे ते कलम सांगते. त्याच कलमात पुढे असेही आहे की, कारभारातल्या निर्णयाची कारणे त्या निर्णयाची झळ ज्यांना पोचते त्यांना द्यावीत. मंडईतल्या बाईला द्यायचे उत्तर कायद्याने केव्हाच देणे लागत होते.

सहकार्याने काम होतच नाही, अशी निराशाही खरी नव्हे. भिवंडीत १९८४ साली भयंकर दंगल झाली होती. पुढे तेथे सुरेश खोपडे ह्या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे त्यांत घेतली आणि शांततेच्या काळातही त्यांच्या बैठका नेमाने चालू ठेवल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ते काम पोलीस खात्याचे, पालिकेचे नव्हे. पण धडा आपल्यालाही घेण्यासारखा आहे. आग लागल्यावर विहीर खणायला घेऊन भागत नाही. बैठका नेमाने होत असतील तरच अडचणीच्या दिवशी माणसे एकमेकांवर विश्वास टाकतात.

मुंबईत १९९७ च्या सुमारास पालिकेने गल्लीगल्लीतल्या रहिवाशांचे गट करून ओला-सुका कचरा वेगळा करणे, खत करणे ही कामे सुरू केली. घाटकोपरच्या जोशी लेनचे नाव त्यात पहिल्याने घेतले जाते. जेथे वॉर्डातला अधिकारी गटाच्या बैठकीला बसत असे आणि वेगळा केलेला कचरा वेगळाच उचलला जात असे, तेथे गट तगले. जेथे बायकांनी घरी दोन डबे ठेवावेत आणि गाडीवाल्याने दोन्ही एकत्र ओतावेत, तेथे डबेही गेले आणि गटही गेले. पुण्याने २००६ साली नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्यास आरंभ केला. ही कल्पना मूळची ब्राझील देशातल्या पोर्तो अलेग्रे शहराची. तेथे ती १९८९ साली सुरू झाली. पदपथ, दिवे, बसथांबे, अशी लहान कामे सुचवण्यासाठी पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळू लागले. सूचना कोणत्या दिवसापर्यंत द्यायची आणि ती कोठे जाणार, हे आधी ठरलेले असणे, हाच त्यातला मोठा गुण.

तेव्हा पालिकेने काय करावे? मला सात गोष्टी सुचतात. त्यांतल्या एकीलाही फारसा खर्च नाही.

पहिली, समिती नेमताना तिला कामाचे पत्र द्यावे. कोणत्या प्रश्नावर सल्ला हवा, केव्हापर्यंत हवा, आणि कोणत्या गोष्टी तिच्या कक्षेबाहेर आहेत, हे एका पानावर लिहावे. निम्मे गैरसमज तेथेच मिटतील.

दुसरी, विषय वेळेवर पाठवावा. आराखडा मंजूर, निविदा निघालेली, आणि मग समितीला विचारणा, हे वरातीमागून घोडे झाले. विळीवर भाजी चिरून झाल्यावर सासूबाईंना "आज कोणती भाजी करू?" असे विचारले तर त्या काय समजतील, हे येथे कोणाला सांगायला नको. बैठकीची सूचना आदल्या संध्याकाळी मोबाईलवर न येता, कागदपत्रांसह निदान आठ दिवस आधी यावी.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक शिफारशीला साठ दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावे. उत्तर तीनच प्रकारचे असू शकते: मान्य, अमान्य, किंवा बदल करून मान्य. त्याखाली दोन ओळी कारणाच्या. 'पैसे नाहीत' हेही उत्तरच आहे. माणूस नकार पचवतो. मौन पचवीत नाही.

चौथी, नेमणूक उघडपणे व्हावी. जागा रिकामी आहे असे वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लागावे, अर्ज मागवावेत, मुदत ठरलेली असावी, आणि दरवर्षी काही सभासद निवृत्त होऊन नवे यावेत. पथविक्रेत्यांच्या कायद्याने विक्रेत्यांना आपली माणसे आपण निवडू दिली, ते तत्त्व इतरत्रही लावावे. ज्यांच्याविषयी सल्ला घ्यायचा, त्यांच्यातली माणसे समितीत हवीत.

पाचवी, प्रत्येक समितीमागे एक ठरावीक अधिकारी असावा. इतिवृत्त लिहिणे, ते पंधरा दिवसांत सर्वांना पाठवणे आणि शिफारस योग्य खात्यात पोचली की नाही हे पाहणे, हे त्याचे काम. आज सफाईचा विषय पाण्याच्या खात्यात आणि पाण्याचा रस्त्याच्या खात्यात फिरत राहतो, कारण तो कोणाचाच नसतो.

सहावी, बैठकीची वेळ आणि जागा. कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता मुख्य कार्यालयात बैठक ठेवली तर तेथे कोण येऊ शकेल? शिक्षिका नाही, परिचारिका नाही, रोजावर काम करणारी बाई तर नाहीच नाही. महिन्यातून एकदा संध्याकाळी, वस्तीजवळच्या पालिकेच्या शाळेत बैठक घ्यावी. आणि जिचा रोज बुडतो, तिला निदान येण्याजाण्याचा खर्च द्यावा.

सातवी, वर्षातून एकदा प्रत्येक समितीला सभागृहापुढे आपला अहवाल मांडू द्यावा. किती शिफारशी केल्या, किती मान्य झाल्या, किती अनुत्तरित राहिल्या, ते सर्वांदेखत वाचावे. ज्या समितीचे काम संपले ती सन्मानाने बंद करावी. नावापुरती जिवंत ठेवलेली समिती ही माणसांच्या वेळेची उधळपट्टी आहे.

एवढे पालिकेचे झाले. आता आपले. टाळी दोन हातांनी वाजते. एका प्रामाणिक इंजिनियराने मला एकदा सांगितले, "बाई, समितीवाले येतात ते आपल्या गल्लीच्या गटारासाठी. शहराचे गटार कोणीच पाहत नाही." हे आपल्यालाही लागू आहे. समितीवर जाणाऱ्या बाईने आपल्या इमारतीच्या फाटकापुढचा खड्डा घरी ठेवून जावे. जी तेथे बसलेली नाही तिच्या वतीने बोलावे: पहाटे रस्ता झाडणारी, घरकामाला चार घरे फिरणारी, चाकाच्या खुर्चीवरून बागेत येऊ पाहणारी. कागद वाचून जावे. "मला वाटते" ह्याच्या मागे निदान दहा जणींशी बोलल्याचा आधार असावा. आणि सल्ला नाकारला, तर कारण समजून घेतल्याशिवाय रुसून बसू नये.

बायकांनी नगरपालिकेचे दार ठोठावणे आपल्याकडे नवे नाही. १९२० साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण मुलांपुरतेच ठेवावे की मुलींनाही द्यावे, हा वाद पुणे नगरपालिकेत चालला होता. तेव्हा रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या बायका रस्त्यावरून चालत गेल्या आणि त्यांनी मुलींची बाजू मांडली. कोणी बोलावण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. २०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. सभागृहात आपल्या भगिनी बसल्या आहेत. त्यांच्यापर्यंत मंडईतला आवाज पोचवणारी वाट मात्र अजून अरुंद आहे, आणि ती रुंद करणे आपल्यासारख्या मंडळांना सहज जमण्याजोगे आहे.

म्हणून आजच्या दिवशी मंडळापुढे मी तीन कामे ठेवते. येत्या महिन्यात आपल्या पालिकेकडे एक अर्ज करून विचारू या की, तुमच्या सल्लागार समित्या कोणत्या, त्यांवर कोण आहेत, आणि त्यांची इतिवृत्ते कोठे पाहायला मिळतील. दुसरे, मंडळात एक वही घालू या. पालिकेला आपण जे जे सुचवू, ते तारखेसह डाव्या पानावर. आलेले उत्तर उजव्या पानावर. उजवे पान कोरे राहिले तर तीच वही घेऊन चारजणी कार्यालयात जाऊ या. भांडायला नव्हे, आठवण द्यायला. तिसरे, आपल्यापैकी दोघींनी समितीसाठी नाव द्यावे, आणि त्या बैठकीला जातील त्या संध्याकाळी त्यांच्या घरचा स्वयंपाक बाकीच्यांनी पाहावा. हे मी विनोदाने सांगत नाही. बाईला सार्वजनिक काम जमत नाही ते बहुधा बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, संध्याकाळचे दोन तास मोकळे मिळत नाहीत म्हणून.

आणि हाच नियम आपल्या घरालाही लावू या. आपल्या मंडळाच्याही पोटसमित्या आहेत. शिवणवर्गाच्या समितीने काही सुचवले, तर कार्यकारिणीने पुढच्या बैठकीपर्यंत होय किंवा नाही, आणि का, हे सांगावे. जे पालिकेकडून मागतो ते आपल्या घरी पाळले, तर मागण्याला वजन येते.

वहीसाठी मी दोनशे पानी वही आणली आहे. ती कार्यवाहबाईंच्या स्वाधीन करते. पहिले पान कोणत्या प्रश्नाने भरायचे, ते चहापानानंतर सर्वांनी मिळून ठरवावे.